एका कात्रीच्या दोन नोटा

रावसाहेब दुकानात यायचे ते पायरीवर चपला काढून. बुधवार पेठेत अशी गिऱ्हाइकं आता फारशी उरलेली नाहीत, पण रावसाहेबांची तशी पद्धत होती. त्या मंगळवारी दुपारी ते चपलांसकट आत आले, आणि पार्टिशनमागे बसलेल्या कमरजहांला पावलांवरूनच कळलं की आज काहीतरी बिनसलंय.

दुकान दीड खणाचं. आजूबाजूला चार्जर, स्पीकर आणि दिव्यांच्या माळा विकणारे; त्यांच्या मधोमध हे एकच दुकान, जिथं विकलेली वस्तू चालू आहे की बंद असं कुणी विचारत नसे. दादामियाँ इथं चाळीस वर्षं जुन्या नोटा आणि नाणी विकत होते. मागं प्लायवुडचं पार्टिशन, त्यामागं एक टेबल, एक दिवा आणि कमरजहां, त्यांची बायको. फाटक्या नोटा जोडायचं काम तिचं. हे मात्र पेठेत कुणाला ठाऊक नव्हतं. नोट जोडलेली असेल तर दादामियाँ गिऱ्हाइकाला तसं स्वच्छ सांगत, पण जोडली कुणी असं विचारलं की म्हणत, "आहे एक कारागीर." सुरुवातीच्या वर्षात एका शहाण्यानं विचारलं होतं, की बायकोकडून गोधडी शिवून घ्यावी तशा नोटा शिवून घेता की काय. तेव्हापासून त्यांनी तिचं नाव घेणं बंद केलं. बायकोची थट्टा त्यांना खपत नसे.

रावसाहेब हे नोटा-नाणी जमवणाऱ्यांच्या मंडळाचे चिटणीस. बँकेतून निवृत्त होऊन बिबवेवाडीत राहत. पुण्यात माणसं फटकळ असतात असं बाहेरचे म्हणतात. रावसाहेबांना त्या फटकळ माणसांतली बहुतेक मुळमुळीत वाटत. शनिवारपासून मंडळाचं प्रदर्शन होतं आणि विषय त्यांनीच काढलेला: चांदीच्या बदल्यात वटणाऱ्या नोटा.

आजच्या नोटेवरही 'मैं धारक को अदा करने का वचन देता हूँ' असं छापलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही. एके काळी मात्र ते वचन शब्दशः खरं होतं. नोट घेऊन सरकारी कचेरीत जायचं, खिडकीत सरकवायची आणि तेवढे चांदीचे रुपये खणखणीत वाजवून घ्यायचे. तरीही लोकांचा कागदावर विश्वास बसायला वेळ लागला, आणि टपालावर बसायला त्याहून जास्त. मुंबईहून पुण्याला नोट पाठवायची तर व्यापारी ती मधोमध कापत. डावा अर्धा आजच्या टपालानं जाई. पोचल्याचं उत्तर आलं की मग उजवा. नंबर दोन्ही अर्ध्यांवर छापलेला असे, तो जुळवायचा, तुकडे चिकटवायचे, की पुन्हा चांदी मिळायला नोट तयार. वाटेत एखादा अर्धा चोरीला गेलाच तर चोराच्या हाती नुसता कागद.

अशीच एक दहा रुपयांची, राणीच्या काळातली, एकाच बाजूनं छापलेली नोट रावसाहेबांनी तीन वर्षांपूर्वी दादामियाँकडून घेतली होती. प्रदर्शनाचा मान तिचाच होता. आज तिचं तीन फुटी चित्र छापायला ते शेजारच्या गल्लीतल्या फ्लेक्सवाल्याकडे गेले, आणि त्यानं पडद्याकडे बघत विचारलं, "काका, दोन्हीकडं नंबर वेगळे आहेत. असंच छापू का?"

रावसाहेबांनी तसाच छापून घेतलेल्या फ्लेक्सची गुंडाळी काउंटरवर उलगडली. "दादामियाँ, वाचा. डावीकडचा शेवटचा आकडा कोणता?"

दादामियाँ वाकले. "आठ."

"आणि उजवीकडचा?"

दादामियाँ आणखी खाली वाकले.

"तीन आहे. चष्मा लावा हवं तर, घाई नाही. मी तीन वर्षं थांबलोय." रावसाहेबांचा आवाज चढला नव्हता, तो कधीच चढत नसे. "दोन वेगळ्या नोटांचे दोन तुकडे जोडून मला एक नोट म्हणून विकलीत. ही घेऊन कुणी कचेरीत गेला असता तर कारकुनानं चांदी नसती दिली, पोलीस बोलावले असते. जोडली कुणी?"

पार्टिशनमागे कमरजहांची पाचावर धारण बसली. हातातला ब्रश तिनं पाण्याच्या वाटीत ठेवला, आणि ती उठणार एवढ्यात दादामियाँचा आवाज आला. "मीच जोडली."

रावसाहेबांनी त्यांच्या उजव्या हाताकडं बघितलं. तो हात गेली पाच वर्षं थरथरत होता. चहाचा कप दादामियाँ दोन्ही हातांनी धरत. "या हातानं?"

"हो, मीच."

"ठीक आहे. रविवारी मंडळाची सभा आहे. शनिवारपर्यंत खरं नाव कळलं तर सभेत ते घेईन, नाहीतर तुमचं. चाळीस वर्षांची ओळख आहे म्हणून थांबतोय, एरवी आत्ताच फोन फिरवले असते." त्यांनी खिशातून नोटेचं पाकीट काढून काउंटरवर ठेवलं. "ही ठेवा तुमच्याकडे. आणि पैसे परत देऊ नका. पैसे दिले की मिटलं असं तुम्हाला वाटेल."

ते गेल्यावर कमरजहां बाहेर आली. तिनं भिंग घेतलं आणि नोट दिव्याखाली धरली. डावीकडचा आकडा घडीत येऊन झिजला होता, पण मोठ्या भिंगातून बघितलं तर आठच होता. उजवीकडचा तीन होता आणि मधला सांधा तिचाच. इतका सफाईदार की बोट फिरवलं तरी कळू नये. आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःच्या चांगल्या कामाचा राग आला.

"तुम्ही कशाला माझं अंगावर घेतलंत?"

"दुकान माझं आहे."

"हात माझे आहेत. मी जाऊन सांगते त्यांना."

"काय सांगशील? बायकोला मोतीबिंदू झाला होता, दिसत नव्हतं, तरी मी काम करून घेत होतो? हे सांगशील?" दादामियाँनी टेबलावरचा दिवा बंद केला. "दुकान कधीतरी बंद करायचंच होतं. आता करू. तुझं नाव मी कुणाच्या सभेत घेऊ देणार नाही."

ते रागावले नाहीत. कसं झालं हेही त्यांनी विचारलं नाही, आणि तिला तेच जास्त लागलं. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. डोळ्यांचं ऑपरेशन तिनं दोन वर्षांपूर्वी करून घेतलं, आणि ही नोट जोडली ती त्याच्या आधी. त्या एका वर्षात तिनं आणखी किती नोटा जोडल्या असतील? पुण्यात, मुंबईत, कुठं कुठं लोकांच्या कपाटांत तिच्या हातच्या चुका जपून ठेवलेल्या असतील. तिला नवऱ्याच्या नावाची भीती होतीच, पण आता स्वतःच्या हातांचीही वाटू लागली, आणि ही दुसरी भीती तिला नवीन होती.

बुधवारी सकाळी ती वरच्या मजल्यावर घरातच बसली. खाली जायची इच्छा नव्हती. तिची नात अर्शिया, मुलीची मुलगी, आयटी कंपनीत होती आणि नोकरीसाठी आजी-आजोबांकडेच राहायची. तिला ऑफिसच्या कार्यक्रमासाठी कुर्ता हवा होता. बसून विचार करण्यापेक्षा हाताला काम बरं म्हणून कमरजहांनं कापड पलंगावर पसरलं, दुहेरी घडी घातली आणि बाह्या कापल्या.

अर्शिया लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "नानी, मागच्या वेळी एक स्लीव्ह लूज झाली होती हं. या दोन्ही सेम आहेत ना? प्लीज चेक कर."

"चेक काय करायचं? एकावर एक ठेवून एकदाच कापल्यात. वेगळ्या होतीलच कशा?"

एवढं बोलली आणि कात्री हातात तशीच धरून ती पलंगाच्या कडेवर बसली.

रद्दीवाल्याकडून आलेलं ते गाठोडं तिला आठवलं. कुठल्याशा जुन्या पेढीला मुंबईहून आलेली पत्रं होती, आणि त्यात दोन पाकिटं. एका पाकिटात दोन डावे अर्धे, दुसऱ्यात दोन उजवे. नोटा दोन होत्या! डाव्या तुकड्यांवरचे शेवटचे आकडे घडीत झिजलेले. इंग्रजीतला तीन आणि आठ, झिजल्यावर दोघेही सारखेच. तेव्हा तिनं नेहमीचं केलं. आकडा पुसला जातो, शाई उडते, पण कापलेली कडा खोटं बोलत नाही, हे तिनं अठ्ठावीस वर्षांत शंभरदा अनुभवलेलं. तिनं कडा कडेला लावून बघितली, ती केसभरही न चुकता बसली, आणि तिनं डोळे झाकून जोडून टाकली. दुसरी जोडीही तशीच बसली.

बसणारच. पाठवणाऱ्यानं दोन्ही नोटा एकावर एक ठेवून एकदाच कापल्या होत्या. कडेनं खोटं सांगितलंच नव्हतं, फक्त चारही तुकड्यांची कडा एकच होती, म्हणून कुठलाही डावा कुठल्याही उजव्याला बसत होता.

"नानी? आर यू ओके?"

"ती पोस्टातल्या बाईंची कार्डं कुठं ठेवलीत आपण? ईदला येतात ती."

दुसरी नोट घेतली होती मुक्ताईंनी. मूळच्या वर्ध्याच्या, पस्तीस वर्षं डाक खात्यात काढलेल्या, आता वारज्यात राहणाऱ्या. एकदा बुधवार पेठेत रेडिओ दुरुस्त करायला आल्या असताना दादामियाँच्या दुकानात डोकावल्या, अर्ध्या नोटांच्या टपालाची गोष्ट ऐकली आणि तिथल्या तिथं नोट विकत घेऊन गेल्या. दर ईदला त्यांचं पोस्टकार्ड येई, पत्ता, पिनकोड, फोन नंबर सगळं ठळक अक्षरात.

आता प्रश्न साधा होता. मुक्ताईंच्या नोटेवर डावीकडं तीन आणि उजवीकडं आठ निघाले, तर ही चूक होती, लबाडी नव्हती, आणि ती दुरुस्तही करता येणार होती. दोन्हीकडं काही तिसरंच निघालं तर कमरजहांचं डोकं आणि डोळे दोन्ही कामातून गेले असं समजायचं. आणि नंबर बरोबर निघूनही मुक्ताईंनी नोट लॅमिनेट केलेली असली, तर सगळंच संपलं. लोकांना जुन्या कागदाचा लळा लागला की ते पहिलं काम हेच करतात, गरम प्लास्टिकमध्ये घालून त्याचा गळा आवळतात.

"चार वाजता कॉल आहे माझा," अर्शिया स्कूटर काढताना म्हणाली. "वारजे म्हणजे ट्रॅफिक ऑसम असणार. नानाला सांगितलंस?"

"आधी बघू दे. नाना आधीच दुकानाला कुलूप लावायला निघालेत."

वारज्यातली इमारत नवी होती, लिफ्टच्या बटणांवरचं प्लास्टिकही अजून निघालेलं नव्हतं. मुक्ताईंनी दार उघडलं. "या न बाई, या. फोनवर आवाज असा काहून येत होता तुमचा? बसा आधी."

कमरजहां बसली नाही. समोर टीव्हीच्या बाजूला नोट टांगलेली होती आणि खिडकीच्या उजेडात ती गुळगुळीत चकाकत होती.

"लॅमिनेट केलीत?"

"मी?" मुक्ताईंना चांगलाच राग आला. "अहो, काच आहे ती. फ्रेमवाला म्हणे डिंकानं चिकटवून देतो. म्हटलं, हात तर लावून बघ. जन्मभर तिकिटं सांभाळली बाई मी, मला शिकवतो." त्यांनी फ्रेम उतरवली, मागच्या खिट्ट्या फिरवल्या, काच बाजूला केली. नोट चार कागदी कोपऱ्यांत मोकळी बसवलेली होती. डिंकाचा एक थेंब नाही, पट्टी नाही, काही नाही.

कमरजहांनं पिशवीतून भिंग काढलं. अर्शियानं मोबाईलचा दिवा धरला. उजवीकडचा आकडा आधी बघितला, कारण तो स्पष्ट होता. आठ. मग डावीकडचा. झिजलेला, मधून उडालेला, पण भिंग जवळ नेल्यावर त्याची डावी बाजू उघडी दिसली. तीन.

ती खाली सतरंजीवरच बसली. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तिला त्या दुपारी वारज्यात कळलं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती हसत होती, आणि अर्शिया घाबरून कधी तिच्याकडे तर कधी मुक्ताईंकडे बघत होती.

तिनं सगळं सांगितलं. मुक्ताईंनी शांतपणे ऐकलं आणि मग विचारलं, "म्हणजे माझी नोट खोटी?"

"नाही हो. दोन्ही खऱ्या आहेत. एका मांडवात दोन लग्नं होती आणि मी नवऱ्या बदलल्या."

"मग आणा ताळ्यावर. पण नोट मी एकटी पाठवणार नाही हं, मी सोबत येते. अर्धी अर्धी करून पाठवायची सोय आता आमच्या खात्यात राहिली नाही."

संध्याकाळी तिनं दादामियाँना सांगितलं. त्यांनी अर्शियानं मुक्ताईंच्या नोटेचा काढून आणलेला फोटो मोबाईलवर मोठा करून बघितला, मग भिंगानं रावसाहेबांची नोट बघितली, मग पुन्हा फोटो.

"म्हणजे तुझे डोळे..."

"डोळ्यांचा दोष थोडा. जास्त दोष माझ्या शहाणपणाचा. आकडे भिंगाखाली धरले असते तर दिसले असते. कडा जुळली म्हणून मी बघितलेच नाहीत." तिनं फोन उचलला. "आता रावसाहेबांना बोलावते. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

"नाव सांगणार?"

"माझंच आहे ते. मी सांगेन."

दादामियाँनी मान डोलावली. चाळीस वर्षांच्या संसारात कुठं हार मानायची हे त्यांना चांगलं कळत होतं.

शुक्रवारी अकराला एक मिनिट कमी असताना रावसाहेब आले. काउंटरवर स्टीलची परात, त्यात दोन बोटं पाणी, शेजारी टिपकागदांची थप्पी. खुर्चीवर फ्रेमची पिशवी मांडीवर घेतलेल्या मुक्ताई.

"कारागीर भेटणार म्हणालात." रावसाहेबांनी मुक्ताईंकडे रोखून बघितलं. "आपण का?"

"मी नाही हो. मी डाकवाली."

"मी," कमरजहां म्हणाली.

रावसाहेब तिला चाळीस वर्षं ओळखत होते. दर दिवाळीला ते फराळ आणून देत, दर ईदला शीरखुर्मा खाऊन जात. "भाभी, तुम्ही?"

"अठ्ठावीस वर्षं मीच. तुमच्या संग्रहात माझ्या हातच्या अकरा नोटा आहेत. त्यांतल्या दोन जोडलेल्या आहेत असं सांगूनसुद्धा तुम्हाला सांधा सापडला नव्हता."

रावसाहेबांची नजर तिच्या बोटांवर गेली, आणि ही गोष्ट दादामियाँनी मनात नीट नोंदवून ठेवली.

तिनं काही झाकलं नाही. झिजलेले आकडे, जुळलेली कडा, आपला फाजील विश्वास, सगळं एकामागून एक सांगितलं. नोट जोडली तेव्हा डोळ्यांत मोतीबिंदू होता हेही सांगितलं. मग दोन्ही नोटांच्या कोपऱ्यांवर पाण्याचा एकेक थेंब टाकून शाई पसरत नाही याची खात्री केली आणि नोटा हळूच परातीत सोडल्या.

"पाण्यात?" रावसाहेब उभेच राहिले.

"चिंध्यांचा कागद आहे, पाण्याला भीत नाही. आणि मी लावली ती कणकेची खळ. बाजारातला गोंद मी नोटेला कधी लावला नाही. माणसाच्या हातून चूक होते, तेव्हा उलटवता येईल असंच चिकटवावं."

वीस मिनिटं गेली. मुक्ताई परातीवर वाकून बसल्या होत्या. मग एका नोटेच्या मागची पातळ पट्टी आपोआप सुटून वर आली, कमरजहांनं ती चिमट्यानं उचलली, आणि दोन अर्धे पाण्यातच एकमेकांपासून सरकले. पाठोपाठ दुसऱ्या नोटेचेही सरकले. तिनं चारही तुकडे टिपकागदात घालून दाबले, कोरडे होऊ दिले, आणि मग दोन डावे अर्धे एकावर एक ठेवून दिव्यासमोर धरले.

कडा एकच होती. मध्ये एका जागी कात्री अडकली होती आणि तिथं तांदळाच्या दाण्याएवढा दात पडला होता. तो दात दोघांवर होता, त्याच जागी, तसाच तिरकस. उजव्या तुकड्यांवरही तोच.

रावसाहेबांनी तिच्या हातातून भिंग घेतलं. ते इतका वेळ बघत राहिले की दादामियाँना वाटलं, आता हा माणूस आणखी काहीतरी खोट काढणार.

"दोन्ही एकदम कापल्या त्यानं," रावसाहेब शेवटी म्हणाले. "मुंबईत बसून, एका कात्रीत. त्या काळच्या सुशिक्षित व्यापाऱ्यानं. आळशी माणूस."

"घाईत असेल," मुक्ताई म्हणाल्या. "टपाल निघायची वेळ झाली असेल."

"आणि इथं पोचूनही कुणी वटवल्या नाहीत. वीस चांदीचे रुपये मिळाले असते."

"डाकेनं तर पोचवल्या बाप्पा. पुढचं त्यांचं त्यांनी पाहायचं होतं."

रावसाहेब हसले. हसताना ते जरा वेगळेच दिसत, सवय नसल्यासारखे. "भाभी, एवढ्यात जोडू नका. उद्या हे चारही तुकडे असेच मांडू, एकावर एक कडा दाखवून. फ्लेक्स गेला खड्ड्यात. अशी गोष्ट कुणी पाहिली नसेल." मग ते दादामियाँकडे वळले. "मंगळवारी मी जे बोललो ते चूक होतं. नोट चूक होती हे बरोबर होतं, पण तुमच्याबद्दल बोललो ते चूक. सभेत काही होणार नाही."

दादामियाँनी दोन्ही हातांनी चहाचा कप उचलून त्यांच्यापुढे केला. रावसाहेबांनी तो घेतला आणि एका दमात संपवला.

चहा झाला, मुक्ताईंच्या तुकड्यांची पावती झाली, तरी रावसाहेब उठेनात. त्यांनी एकदा रस्त्याकडे बघितलं. मग शर्टाच्या आतल्या खिशातून एक डायरी काढली, डायरीतून एक प्लास्टिकचं पाकीट, आणि ते काउंटरवर पालथं ठेवलं.

"ही माझी पहिली नोट," ते म्हणाले. "वडिलांनी दिलेली. पहिल्या महायुद्धातली, एक रुपयाची."

कमरजहांनं पाकीट उलटलं. त्या काळी चांदी अपुरी पडली तेव्हा सरकारनं रुपयाऐवजी कागद काढला आणि लोकांची समजूत पटावी म्हणून त्यावर चांदीच्या रुपयाचं चित्र छापलं, ती ही नोट. राजाच्या चेहऱ्यावरून आडवी, मधाच्या रंगाची, कडक झालेली एक चिकटपट्टी गेली होती. साधी, स्टेशनरीच्या दुकानात मिळते ती.

मंडळाच्या प्रत्येक सभेत चिकटपट्टी लावणाऱ्यांची रावसाहेब सालटी काढत. एका नव्या सभासदाला त्यांनी या कारणावरून रडवलं होतं.

"कुणी लावली?" दादामियाँनी विचारलं. त्यांना विचारल्याशिवाय राहवलंच नाही.

"मीच," रावसाहेब म्हणाले. "सत्याऐंशी साली. फाटली, घाबरलो, लावली. आजवर कुणाला दाखवली नाही."

"म्हणजे आज कारागिराला बदनाम करायला निघालात, आणि खिशात त्याच्यासाठी कामही घेऊन आलात?"

"कारागीर चुकला होता, दादामियाँ. हात चांगला होता, ते मला सांध्यावरूनच कळलं होतं." त्यांनी कमरजहांकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात विनंती होती. "निघेल का हो भाभी?"

कमरजहांनं नोट दिव्याखाली नेली. पट्टीची एक कड नखानं किंचित चाचपली, भिंगातून कागदाचे धागे बघितले. दोन दिवसांपूर्वी ज्या हातांची तिला भीती वाटत होती ते आता टेबलावर निवांत टेकले होते, आणि कुठून सुरुवात करायची ते त्यांना आधीच ठाऊक होतं.

"निघेल. डाग सगळा जाणार नाही."

"चालेल."

"वेळ लागेल. दिवाळी धरा."

"अडतीस वर्षं काढली, दिवाळीपर्यंत काढेन. पावती द्या."

दादामियाँनी पावतीपुस्तक ओढलं. नोटेचं वर्णन लिहिलं, तारीख लिहिली, आणि मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, "काम कुणाकडे दिलं, काय लिहू?"

"जी करणार तिचं नाव लिहा," रावसाहेब म्हणाले. "आणि नीट लिहा, मला वाचता आलं पाहिजे."

हात थरथरत होता, तरी दादामियाँनी एकेक अक्षर सावकाश काढलं. चाळीस वर्षांत या दुकानाच्या पावतीवर ते नाव कधी आलं नव्हतं. रावसाहेबांनी पावती वाचली, घडी करून खिशात ठेवली. कमरजहांनं मात्र पुस्तक आपल्याकडे ओढलं आणि आत राहिलेल्या कार्बनप्रतीवरचं ते निळं, वाकडंतिकडं नाव पुन्हा एकदा वाचून घेतलं.